स्टिअरिंगच्या अलीकडचे तास

बापू, परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "ताई, मी काय ड्रायव्हर हाय का? मालकाचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला की तेवढ्यापुरती गाडी नेतो." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगून उपयोग नसतो. तू "हां हां" म्हणतोस आणि तिकडं कट्टे मोजत असतोस.

तू आडतीवरचा माणूस, हे खरंच आहे. सकाळी कुलूप उघडायचं, शेतकऱ्यांचा माल उतरवून घ्यायचा, ओलावा बघायचा, काट्यावर उभं राहायचं, पट्ट्या लिहायच्या, संध्याकाळी बारदान्याचा हिशेब लावायचा. हे करून वर सोयाबीन निघालं, तुरी निघाल्या की कधी लातूरच्या मिलला, कधी सोलापूरला गाडी. मालकाचा तुझ्यावर विश्वास आहे आणि तुझा हात चांगला आहे, म्हणून चावी तुझ्याकडं येते. यात वाईट काही नाही. मला खुपतंय ते निराळंच. तुझे तास कोणीच मोजत नाही, आणि तूही नाही.

पूर्णवेळच्या ड्रायव्हरचे तास निदान कुठंतरी लागतात. उमरग्याच्या आगारातला एसटीचा चालक घे. त्याची ड्युटी लागते, आगारात सही होते, गाडी ताब्यात घेतली कधी आणि परत लावली कधी, सगळं कागदावर. तुझं काय? आडतीच्या हजेरीत तू संध्याकाळी सुटलास. गाडीच्या हिशेबात डिझेल, टोल, भत्ता आणि किलोमीटर. या दोन वह्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत. दिवसभर कट्टे मोजलेला माणूस आणि रात्री दहाला आपल्या जळकोटच्या चौकातून गाडी काढणारा माणूस एकच आहे, हे दोन्हीपैकी एकाही वहीत लिहिलेलं नाही.

तू म्हणशील, गाडी चालवली पाच तास, त्यात काय मोजायचं? इथंच गोम आहे. कायदा फक्त स्टिअरिंगवरचे तास धरत नाही.

मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ सालचा. त्यात कामाचे तास म्हणजे काय हे फार नीट लिहिलंय, आणि मला तो मजकूर आवडतो, कारण लिहिणाऱ्याला हे काम माहीत होतं असं वाटतं. माणूस जितका वेळ मालकाच्या हुकमात आहे तो वेळ म्हणजे कामाचा वेळ. गाडी चालू असतानाचा वेळ त्यात आलाच. त्याशिवाय गाडी भरणं-उतरवणं, तिची देखभाल-दुरुस्ती, हिशेब देणं, पैसे भरणं, रजिस्टरवर सह्या करणं, गाडी ताब्यात घेणं आणि जागेवर लावणं, सही केली तिथून गाडी उभी आहे तिथपर्यंत जाणं, हे सगळं 'पूरक काम' म्हणून धरलंय. म्हणजे तू ताडपत्री ओढतोस, दोर आवळतोस, टायरला हातोडी मारून बघतोस, बिल्टी लिहून घेतोस, तो सगळा वेळ मोजायचा. ही मांडणी आपल्याकडं उगवलेली नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९३९ साली रस्ते वाहतुकीतल्या कामाच्या तासांचा करार केला, त्यात हीच विभागणी आहे. प्रत्येक चालकाकडं त्याची स्वतःची तासांची वही असावी, ही कल्पनाही त्याच करारातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा कायदा नव्या कामगार संहितेत गेला, पण कामाच्या तासांत काय काय धरायचं ही यादी संहितेनंही उचलली आहे.

आकडेही ऐकून ठेव. त्या कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांहून जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा पसारा, विश्रांती धरून, १२ तासांच्या आत. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. जादा कामाला दुप्पट मजुरी.

मालक म्हणेल, आमची काय ट्रान्सपोर्ट कंपनी आहे का? त्या कायद्याला पाच वाहतूक कामगारांची अट होती, हे त्यांचं बरोबर. पण मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्याचं ९१ वं कलम बघ. वाहतुकीचं वाहन चालवायला लावलेल्या कोणत्याही माणसाचे तास त्या १९६१ च्या कायद्याप्रमाणेच असावेत, असं ते सांगतं. महिन्यातून किती वेळा चालवतो, हे ते विचारत नाही. त्याचा बाकीचा पगार कशाचा, हेही विचारत नाही.

आता एक दिवस कागदावर मांडून बघू. समज, बुधवार आहे. उठलास ५ ला, म्हशीची धार. आडत ८ ते साडेसहा, मध्ये पाऊण तास जेवण. ७ ला गाडी भरायला सुरुवात, ताडपत्री-दोर होऊन साडेनऊ. भाकरी खाऊन १० ला निघालास. साडेबाराला लातूरला मिलच्या गेटवर. नंबर लागला पहाटे ४ ला. खाली होऊन ६. परत जळकोट ९. चावी आणि काट्याची चिठ्ठी मालकाच्या हातात देईपर्यंत सव्वानऊ.

मालकाच्या वहीत याची एक ओळ: लातूर, एक ट्रिप, भत्ता. तुझ्या डोक्यात साडेपाच तास गाडी. बेरीज मी करते. गेटवर उभं राहिलास तो वेळ सोडून दिला तरी काम २० तास. उठल्यापासून चावी देईपर्यंत २८ तास उलटलेले, आणि झोप म्हणशील तर रांगेत केबिनमध्ये मान टाकली तेवढीच. शिवाय सव्वानऊला चावी दिल्यावर तू घरी जातोस का? नाही. आडत उघडलेलीच असते, "आलोच हाय तर" म्हणत काट्यावर उभा राहतोस.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग छापला होता. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी ढिली पडते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडं गाडी चालवणाऱ्याला कायद्यानं मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. पाचला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री १० ला भरतात. तू दारूला शिवत नाहीस, आईनं त्यावरून तुझं कौतुक साऱ्या गल्लीत केलंय. पण चौकातून गाडी निघते तेव्हा नळदुर्गच्या नाक्यावर फुंकायच्या मशीनला न दिसणारी नशा तुझ्यात असते. आणि परतीचा पहाटेचा वेळ तर अंगाचा सगळ्यात मंद. हैदराबाद रस्ता चारपदरी झाल्यापासून तर जास्तच वाईट, कारण खड्डे होते तेव्हा निदान ते जागं ठेवायचे.

हे झालं जिवाचं. आता कागदाचं सांगते, कारण माझी सोलापुरातली नोकरी त्याचीच. वकिलाच्या ऑफिसात बसून अपघाताच्या फायली लावताना एक गोष्ट दिसते. माणूस कामावर होता की नव्हता, यावरच सगळा तंटा असतो. जखम किती मोठी, हे नंतर येतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या कोर्टात सुरू झालेलं एक प्रकरण सांगते. साखर कारखान्याचा एक रखवालदार होता. एप्रिल २००३ मध्ये मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखान्यापासून ५ किलोमीटरवर अपघातात गेला. त्याची ड्युटी पहाटे ३ ते सकाळी ११. मागं बायको, लेकरं, म्हातारी आई. उस्मानाबादच्या कामगार भरपाई आयुक्तांच्या कोर्टानं ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी वर गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल फिरवला: तो अजून कारखान्यात पोचलाच नव्हता, मग कामावर कसा? शेवटी २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं घरच्यांच्या बाजूनं निकाल दिला. घरून कामावर जाताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर कामातूनच झालेला धरायचा, असं सांगितलं. बावीस वर्षं गेली, बापू. पण ती केस उभी राहिली ती एका गोष्टीवर: त्या अवेळी तो रस्त्यावर का होता, याला उत्तर होतं. तीनची ड्युटी.

आता तुझं बघ. मिलवरून येऊन गाडी आडतीच्या मागं लावलीस आणि पहाटे फटफटीवर वस्तीकडं निघालास. देव न करो, पण काही झालं तर त्या वेळी तू रस्त्यावर का होतास, हे कोण सांगणार? हजेरीत तू काल संध्याकाळीच सुटलेला आहेस. आणि बिल्टीवर कोणाचं नाव असतं, तेही मला ठाऊक आहे. सुट्टीवर गेलेल्या ड्रायव्हरचं! बिल्टीबुकात त्याचंच नाव लिहायची सवय, म्हणून तेच पुढं चालू. हे पहिलं बंद कर. ज्या दिवशी गाडी तुझ्या हातात, त्या दिवशी बिल्टीवर तुझं नाव. मिलच्या गेटवरही तुझंच नाव आणि तुझ्याच लायसनचा नंबर सांग.

मग वही. खिशात मावणारी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलमध्ये लिहितो म्हणू नकोस. मोबाइल पाण्यात पडतो, बदलला जातो, तुझा तर दर दिवाळीला. वहीत त्या-त्या वेळी लिही, घरी आल्यावर आठवून नाही. वर मी बुधवार लिहिला ना, तसाच, शाळकरी. उठलो किती वाजता, हे पहिलं. आडतीवर किती ते किती. गाडीजवळ गेलो कधी, भराई कधी संपली, निघालो, पोचलो, नंबर, खाली, परत, चावी दिली. झोपलो कधी, तेही. शेवटच्या दोन नोंदी लोक हमखास गाळतात.

ही वही खरी आहे हे दाखवायला साक्षीदार तुझ्या खिशातच असतात, फक्त तू ते फेकून देतोस. सोलापूरकडं गेलास तर फुलवाडीच्या टोलनाक्यावर, हैदराबादकडं गेलास तर तलमोडच्या नाक्यावर फास्टॅगचे पैसे कापले जातात आणि मेसेज जातो, तारीख-वेळेसकट. मेसेज मालकाच्या मोबाइलवर जात असेल तर त्यांना म्हण, मला पुढं पाठवा, हिशेबाला लागतो. डिझेलच्या पावतीवर वेळ असते. सगळ्यात मोलाची म्हणजे काट्याची चिठ्ठी. भरल्या गाडीचं वजन कधी झालं आणि रिकाम्या गाडीचं कधी, या दोन्ही वेळा तिच्यावर छापलेल्या असतात. मधले तास तू मिलमध्ये होतास, हे मिलच्याच यंत्रानं लिहून दिलेलं. मूळ चिठ्ठी मालकाला दे, पण आधी फोटो काढ.

गेटवरच्या रांगेचं मात्र थोडं थांबून सांगते, कारण तिथं वाद होणार. कायदा म्हणतो, नुसतं हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांच्या आतला असेल तर तो कामात धरायचा. मालकाचा हिशेब असा, की साडेतीन तास तू आडवा पडला होतास, ते कसलं काम? यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. पण आडवं पडणं दोन प्रकारचं. मिलवाल्यानं टोकन दिलं, सांगितलं चारला या, गाडी बंद करून तू धर्मशाळेत जाऊन झोपलास, तर तो वेळ तुझा. आणि रांग दर वीस मिनिटांनी एक गाडी पुढं सरकतेय, तू क्लच-ब्रेक करतोयस, झोपलास तर मागचा हॉर्न वाजवतोय आणि मधला कोणी घुसतोय, तर ते काम आहे. त्याला नुसतं हजर राहणं म्हणता येत नाही. म्हणून वहीत 'रांग' एवढंच लिहू नकोस. 'टोकन, झोपलो' किंवा 'सरकती रांग, जागा' असं लिही. आणि कसंही धरलं तरी १२ तासांच्या पसाऱ्यात ती रांग येतेच. माझ्या मते मालकांशी बोलायला हाच आकडा धर. कारण काम किती झालं यावर वाद घालता येतो, पण निघालास कधी आणि आलास कधी यावर येत नाही.

ही अडचण फक्त जळकोटची आहे असं समजू नकोस. मूळ नोकरी दुसरी आणि अधूनमधून ट्रक, अशी माणसं जगभर आहेत. अमेरिकेत नियमच आहे की अशा अधूनमधून चालवणाऱ्याला गाडी देण्याआधी मालकानं त्याच्याकडून सही करून लिहून घ्यायचं: मागच्या ७ दिवसांत एकूण किती तास काम केलं आणि शेवटचा कामावरून सुटलो कधी. दुसऱ्या कोणाकडं मजुरीनं काम केलं असेल तर तेही त्यात. युरोपात मोठ्या ट्रकला टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. त्यावर गाडी चालवण्याचं चिन्ह वेगळं आणि 'इतर कामा'चं वेगळं, एकमेकांवर ठेवलेल्या दोन हातोड्यांचं. गोदामात कट्टे उचललेस तर ती हातोड्यांची वेळ स्वतः यंत्रात भरायची. आपल्याकडं नितीन गडकरींनी २०२१ मध्ये ट्रकचालकांचे तास विमानाच्या वैमानिकांसारखे ठरवले पाहिजेत असं म्हटलं होतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीचं झालं. चांगलंच आहे. पण गार केबिनमध्ये झोप जास्त लागते, हे मी काय सांगायचं.

त्या अमेरिकन कागदातली एक गोष्ट मात्र उचल. ट्रिप ठरली की वही उलटून मागच्या सात दिवसांची बेरीज कर, मगच चावी घे.

आता सगळ्यात अवघड, मालकांशी बोलणं. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या लग्नात उचल दिली होती, ते आपण विसरलेलो नाही, आणि तेही विसरलेले नाहीत. म्हणून कायद्याचं कलम घेऊन जाऊ नकोस. दुप्पट मजुरीही पहिल्या दिवशी मागू नकोस. ती तुझा हक्क आहे, पण आडतीवर पहिला शब्द पैशाचा निघाला की पुढचे सगळे शब्द पैशाचेच होतात. आधी वेळ माग. म्हण, "मालक, गाडी नेतो, पण त्या दिवशी आडतीवर दुपारी बाराला येतो. भराई हमाल करतील, मी त्या वेळेत झोपतो. आणि येऊन चावी दिली की दुसऱ्या दिवशी सकाळी मला धरू नका." यात त्यांचं नुकसान फार नाही. गाडी, माल आणि माणूस तिन्ही नीट परत येणं त्यांनाही हवंच आहे. दोन-तीन ट्रिपांनंतर वही दाखव, तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून. बारदान्याचा दाखवतोस तसाच.

कधी ते म्हणतील, "अरे, एवढं जास्त नको लिहू, थोडं कमी करून लिही." तिथं मात्र ताठ राहा. आठ तासांत बसवलेली खोटी वही तुझ्याच विरुद्ध जाते. विमा कंपनीचा वकील ती हातात धरून तुलाच विचारेल, की मग टोलची वेळ ही कशी? त्यापेक्षा न लिहिलेलं परवडलं.

भावजयीलाही हे सगळं सांगून ठेव. वही कुठं असते, फोटो कोणत्या नंबरवर पाठवतोस. निघताना तिला एक मेसेज टाक, 'निघालो', आणि पोचल्यावर 'पोचलो'. मायेपोटी तर आहेच, पण त्या दोन शब्दांपुढं मोबाइल वेळ लिहितो.

राहिलं लायसन. तुझ्याकडं हलक्या वाहनाचं आहे, जडचं नाही, असं मला आठवतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. एकूण वजन म्हणजे रिकामी गाडी नव्हे, भरलेली, आणि काट्यावर येईल ती नव्हे, आरसी बुकात लिहिलेली. मालकाचा छोटा टेम्पो यात बसेल. दहा चाकी बसणार नाही, ती एका रात्रीसाठीही नेऊ नकोस, कोणी कितीही आर्जवं केली तरी. जडचं लायसन काढायचं असेल तर रीतसर काढ, फी मी देते.

आरसी बुकाच्या त्या पानाचा फोटो मला उद्या व्हॉट्सअॅपवर पाठव, आणि गाडीच्या विम्याच्या पॉलिसीचाही. पगारी चालकाची ओळ तिच्यात आहे का, ते मला बघायचंय. सोयाबीनची पहिली ट्रिप कोणत्या तारखेला आहे, तेही कळव.